उत्तर सापडलं, उतारा राहिला

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमाची मुलं कर्नाटक बोर्डाची दहावी मराठीतून देतात आणि त्याच वर्षी जूनमध्ये पीयूसी सायन्सच्या, म्हणजे अकरावीच्या, वर्गात जाऊन बसतात. तिथे फिजिक्सच्या पहिल्या पानापासून बायॉलॉजीच्या शेवटच्या आकृतीपर्यंत सगळं इंग्रजी. या मुलांना इंग्रजी बोलता येत नाही हे चार दिवसांत सगळ्या कॉलेजला कळतं. वाचलेलं समजत नाही, हे मात्र वर्ष वर्ष कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण उताऱ्याच्या प्रश्नाला मार्क पडत असतात.

अशीच एक खानापूरची मुलगी सध्या बेंगळुरूत माझ्या मावशीकडे, मल्लेश्वरमला राहून फर्स्ट पीयू करते आहे. मावशी मूळची बेळगावची. बेंगळुरूच्या पीयू कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाली. माझा थोरला भाऊ विजयनगरला क्लास चालवतो. पीयू आणि सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या मुलांकडून तो 'कॉम्प्रिहेन्शन'चा सराव करून घेतो. ही मुलगी त्याच्याच बॅचला जाते. तिने सोडवलेला एक पेपर टेबलावर होता, आणि त्यावरून दोघांचं जे बोलणं झालं ते इथे देते आहे. माझा कल मावशीकडे आहे, हे आधीच सांगून टाकते. पण दादाचे दोन मुद्दे मलाही खोडता आलेले नाहीत.

दादा : दहापैकी नऊ आहेत, मावशी. जूनमध्ये हीच मुलगी पहिल्या परिच्छेदात अडकून रडकुंडीला यायची. आता वीस मिनिटांत उतारा संपवते. याला प्रगती नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

मावशी : मार्क पाहिले मी. उतारा बेंगळुरूच्या तलावांवरचा आहे. धर्मांबुधी तलाव होता तिथे आज मॅजेस्टिकचा बसस्टँड आहे, संपंगी तलावाच्या जागी कंठीरव स्टेडियम आहे, असं सगळं त्यात आलंय. तुझे प्रश्न काय, तर धर्मांबुधीच्या जागी काय उभं आहे? संपंगी तलाव कुठे होता? तिने अचूक लिहिलं. मग मी तिला एवढंच विचारलं, "तलाव बुजवले ते बरं झालं असं लेखकाला वाटतं, की वाईट झालं असं?" ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर म्हणाली, "ते विचारलेलं नाही ना?"

दादा : खरंच विचारलेलं नव्हतं.

मावशी : म्हणून तिने वाचलंच नाही. तिने आधी प्रश्न बघितला, त्यातला 'धर्मांबुधी' उचलला, उताऱ्यात तो शब्द शोधला आणि शेजारचे चार शब्द उतरवून काढले. हे तूच शिकवतोस ना, आधी प्रश्न वाचा म्हणून?

दादा : शिकवतो, आणि त्यात गैर काही नाही. वर्तमानपत्र चाळताना आपणही हवं तेच शोधतो.

मावशी : आपल्याला सगळं वाचता येत असतं, म्हणून आपण चाळू शकतो. थांब, तुला मराठीतच दाखवते. ऐक. "गडूर खिबल्याने तीन मोकणी सपकावली, कारण पिठळा ओदळला होता." आता सांग, मोकणी कोणी सपकावली?

दादा : गडूर खिबल्याने.

मावशी : किती?

दादा : तीन.

मावशी : का सपकावली?

दादा : पिठळा ओदळला होता म्हणून.

मावशी : तिन्ही बरोबर. पैकीच्या पैकी मार्क. खिबला म्हणजे माणूस की जनावर, तुला ठाऊक आहे?

दादा यावर काही क्षण गप्प राहिला. 'तीन', 'कारण', 'होता' एवढे सोडले तर वाक्यातला एकही शब्द मराठीत नाही. बाकी आहे ते फक्त मराठीचं व्याकरण. तेवढ्या व्याकरणावर तीन उत्तरं निघाली. मराठीचं व्याकरण आपल्या अंगात भिनलेलं आहे, म्हणून हे चटकन जमलं. इंग्रजीचं तेवढंच व्याकरण दहावीपर्यंत या मुलीच्या पदरात पडलेलं असतं, आणि त्याच्या जोरावर ती दहापैकी नऊ मिळवते.

दादा : मान्य, असे प्रश्न फसवे असतात. पण मावशी, तू शिकवायचीस तेव्हाचा पेपर आता राहिलेला नाही. सीबीएसईच्या बारावीला ऐंशीपैकी बावीस मार्क न पाहिलेल्या उताऱ्यांना आहेत. दोन उतारे, त्यातल्या एकात आकडेवारी नाहीतर आलेख. तर्काने काढायचे प्रश्न, लेखकाचा सूर ओळखायचे प्रश्न, सगळं असतं. महाराष्ट्राच्या बारावीच्या पेपरातही माहितीचा प्रश्न वेगळा, अनुमानाचा वेगळा, स्वतःचं मत सांगायचा वेगळा. बोर्डांनी तुझं ऐकलंय म्हण ना.

मावशी : बोर्डांनी प्रश्न सुधारले, त्याचा मला आनंदच आहे. पण त्या प्रश्नांचा सराव कसा घेतला जातो ते बघ. लेखकाचा सूर विचारणार आहेत म्हटल्यावर क्लासमध्ये सुरांची यादी पाठ करून घेतात. आशावादी, टीकात्मक, हळहळणारा, तटस्थ. जुन्या गोष्टींचं वर्णन आलं की हळहळणारा, आकडे आले की तटस्थ. तुझ्याकडच्या नोट्समध्येच आहे ही यादी, तिच्या वहीत पाहिली मी. म्हणजे विचार करायला लावणारा प्रश्न आला की आपण लगेच त्याचंही पाठांतर करून टाकतो.

दादा : माझी अडचण तू लक्षात घे. माझ्याकडे आठवड्याला दीड तास असतो. सीईटीच्या रँकमध्ये इंग्रजीचा एक मार्कही धरत नाहीत. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, प्रत्येकी साठ प्रश्न ऐंशी मिनिटांत. पालक मला स्पष्ट सांगतात, इंग्रजी पास होण्यापुरतं करा, वेळ खाऊ नका. अशा मुलाला मी संथपणे निबंध वाचायला बसवलं तर पुढच्या महिन्यात तो माझ्या क्लासला नसेल.

मावशी : ते पालक ज्याला फिजिक्स म्हणतात ते तरी मूल कोणत्या भाषेत वाचतंय? या मुलीचं बायॉलॉजीचं पुस्तक बघ. एका वाक्यात तीन अटी, दोन अपवाद. प्रश्न येतो, पुढीलपैकी कोणतं विधान बरोबर नाही? त्यातला 'नाही' वाचायचा राहतो आणि विषय येत असून मार्क जातो. इंग्रजीचा मार्क रँकमध्ये धरत नाहीत म्हणतोस. मी म्हणते, प्रत्येक विषयाच्या मार्कात तो आधीच धरलेला आहे.

दादा : नीटचा पेपर आता मराठीतही मिळतो, कानडीतही मिळतो.

मावशी : मिळतो, आणि ते फार चांगलं झालं. पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी पाठ अंतिम मानला जातो. आणि पुढे एमबीबीएसची पुस्तकं ती कोणत्या भाषेत उघडणार?

इथे मावशीने विषय एकदम मागे नेला, आणि तो न्यायलाच हवा होता. कारण इंग्रजी अर्थासकट कसं शिकवायचं या प्रश्नावरचा विसाव्या शतकातला एक मोठा प्रयोग याच शहराच्या नावाने जगभर ओळखला जातो, आणि बेंगळुरूत मुलांना शिकायला पाठवणाऱ्या पालकांपैकी फार थोड्यांना त्याची माहिती असते. ज्ञानभारती आवारात रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश नावाची संस्था आहे. १९६३ साली ती दक्षिणेकडच्या राज्यांतल्या इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी निघाली. तिच्या आणि मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलच्या आधाराने एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत इंग्रजी शिकवण्याची वेगळी रीत चालवून पाहिली. भाषाशिक्षणाच्या पुस्तकांत तिला 'बँगलोर प्रोजेक्ट' म्हणतात. प्रभूंचं त्यावरचं पुस्तक १९८७ साली आलं.

मावशी : प्रभूंचं म्हणणं असं की मुलाचं डोकं अर्थात गुंतलेलं असलं की भाषा त्याच्यात आपोआप मुरते. म्हणून त्यांनी व्याकरणाचे धडे आणि ठरावीक वाक्यरचनांचा सराव बाजूला ठेवला. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक ठेवायचं, गावाचा नकाशा ठेवायचा, आणि एक प्रश्न द्यायचा. अमक्याला अमक्या वेळेला तिथे पोचायचंय, तर त्याने कोणती गाडी धरावी? उत्तर कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. दोन गाड्यांच्या वेळा वाचायच्या, मधला थांबा वाचायचा, आणि आपण काढायचं. आधी शिक्षकाने तसलंच एक कोडं सगळ्या वर्गाबरोबर मोठ्याने सोडवायचं, मग दुसरं मुलांनी एकेकट्याने. निम्म्या वर्गाला निम्मं तरी जमलं तर काम योग्य अवघड होतं, असा त्यांचा अंदाज. पैकीच्या पैकी सगळ्यांना मिळाले तर काम सोपं होतं, त्यातून कोणी काही शिकलं नाही. तुझ्या नऊ मार्कांकडे मी त्या नजरेने बघते.

दादा : प्रभूंचं मीही वाचलंय, मावशी. त्या प्रयोगाची तपासणी झाली होती, बेरेटा आणि डेव्हिस यांनी केली, १९८५ साली छापून आली. प्रयोगातली मुलं वाचून-ऐकून समजण्यात पुढे होती हे खरं. पण वाक्यरचनेच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीने शिकलेली मुलं सरस ठरली. ज्याने जे केलं त्यात तो पुढे. शिवाय तपासणारेही निष्कर्ष जपूनच काढतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, प्रयोग चालवणारे शिक्षक तयारीचे, प्रशिक्षण देणारे लोक होते. बेरेटाने नंतर पाहिलं तर नेहमीच्या शाळेतल्या शिक्षकांना ते पेलणं जड गेलं होतं. रोज नवं कोडं कोण रचणार? साठ मुलांची साठ वेगळी उत्तरं कोण तपासणार? तू तुझ्या घरात एका मुलीला शिकवते आहेस.

दादाच्या ज्या दोन मुद्द्यांबद्दल मी सुरुवातीला म्हणाले त्यातला हा पहिला. मावशीनेही तो उडवून लावला नाही.

मावशी : हे खरं आहे. माझ्याही वर्गात ते सगळं जमलं असं मी म्हणणार नाही. पण रोज नवं रचायला कशाला हवं? जगात लोकांनी आधीच लिहून ठेवलंय. हे बघ.

तिने एका मुलींच्या हॉस्टेलच्या नियमांची इंग्रजी नोटीस पुढे केली. पानभरसुद्धा नसेल. मजकूर असा : रात्री साडेआठनंतर परतणाऱ्या मुलीने वॉर्डनची आधी परवानगी घेतलेली असावी. परवानगी नसल्यास पन्नास रुपये दंड. मात्र कॉलेजच्या कामासाठी बाहेर असल्यास आणि लेक्चररचं तसं पत्र दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत दिल्यास दंड माफ. एका महिन्यात तिसऱ्यांदा उशीर झाल्यास, पत्र असो वा नसो, पालकांना कळवलं जाईल.

त्याखाली मावशीने दोन मुली कल्पिल्या होत्या. पहिली सायन्स एक्झिबिशनमुळे आठ पन्नासला आली. पत्र तिने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिलं. दुसरी परवानगी घेऊन साडेनऊला आली, पण त्या महिन्यातली तिची ती तिसरी वेळ. कोणाला दंड, आणि कोणाच्या घरी फोन?

खानापूरच्या मुलीने आधी पहिलीला सोडून दिलं. पत्र आहे, मग दंड कसला? मावशी काही बोलली नाही, फक्त नोटिशीवर बोट ठेवलं. मुलीने ती ओळ पुन्हा वाचली, 'बारापर्यंत' तिला आता दिसलं, आणि तिने स्वतःहून दंड लावला. दुसरीपाशी मात्र ती बराच वेळ थांबली. मग मराठीतच म्हणाली, "मावशी, परवानगी काढून आली तर त्याला उशीर म्हणायचं का? इथे तर लिहिलेलंच नाही." आणि पहिल्या नियमाकडे परत जाऊन तिने शब्द न् शब्द वाचला. परवानगीची अट उशिराला आहे की दंडाला आहे, हे ती त्या वाक्यात शोधत होती. नोटीस लिहिणाऱ्यानेच ते सोडून दिलेलं आहे, हे तिला कळलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. कागदावर काय नाही हे सांगण्यासाठी कागदावर काय आहे ते पक्कं कळावं लागतं. तलावाच्या उताऱ्यात ते झालं नव्हतं.

दादा : छान. पण ती सगळा विचार मराठीत करत होती.

मावशी : मग? वाचत इंग्रजी होती. दहा वर्षं जिने गणित, विज्ञान, इतिहास मराठीत समजून घेतला, तिला आता मराठीत विचार करू नकोस म्हणायचं म्हणजे विचारच करू नकोस म्हणण्यासारखं आहे. उत्तर इंग्रजीत लिहायला ती शिकेल. आधी तिच्याकडे लिहिण्याजोगं उत्तर तर असू दे.

दादा : दुसरी अडचण सांगतो. ही नोटीस सोपी होती. शब्द ओळखीचे होते. एका ओळीत पाच शब्द अनोळखी असले की डोकं अर्थात गुंतणार कसं? मायकेल वेस्ट ढाक्याला शिक्षकांचं कॉलेज चालवायचा. १९२६ साली त्याने लिहिलं की इथल्या मुलांना इंग्रजी बोलण्याआधी वाचता आलं पाहिजे. तुझ्याच बाजूचा माणूस. पण त्याने वाचनाची पुस्तकं काढली तेव्हा नवे शब्द मोजूनमापून दिले. कारण शब्दाविना वाचन होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मराठी आणि कानडी माध्यमाच्या मुलांची शब्दांचीच उपासमार असते. मी त्यांना शब्दांच्या याद्या देतो, त्या तुला आवडत नाहीत. मग शब्द येणार कुठून?

हा दादाचा दुसरा मुद्दा. मला स्वतःला तो जास्त जड वाटतो. मराठी शाळांतून दहावीला आलेल्या कितीतरी मुलांनी पाठ्यपुस्तकाबाहेरचं एकही इंग्रजी पुस्तक हातात धरलेलं नसतं. सातशे शब्दांचा उतारा त्यांच्यापुढे ठेवून तर्क करा म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, मग प्रश्न कितीही चांगला असो.

मावशी : वाचूनच येणार शब्द, पण खूप वाचून, आणि आपल्या पायरीपेक्षा किंचित सोपं वाचून. कब्बन पार्कात शेषाद्री अय्यर हॉलमध्ये सरकारी ग्रंथालय आहे. तिथून मी हिला मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं आणून देते. आठवी-नववीच्या वयाची. तिला आधी कमीपणा वाटला. आता आठवड्याला एक संपवते, आणि मी त्यावर एकही प्रश्न विचारत नाही. शब्द तिथे येतात. कोडी मात्र तिच्या शब्दांच्या आतली द्यायची. तुझी चूक कुठे होते सांगू? अवघड उतारा आणि सोपे प्रश्न. मी उलट म्हणते. उतारा सोपा दे, प्रश्न अवघड विचार.

दादा : आणि पाठ्यपुस्तक? ते तर आपण निवडत नाही.

मावशी : पाठ्यपुस्तकात काय कमी आहे? सेकंड पीयूच्या 'स्प्रिंग्ज'मध्ये पी. साईनाथांचा लेख मी शिकवलाय. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातल्या बायका सायकल शिकल्या त्याचा. गाइडमध्ये उत्तर ठरलेलं, सायकल हे स्वातंत्र्याचं प्रतीक. साठ वह्यांत तेच वाक्य. मी ते सोडून विचारायची, यातल्या काही बायकांना लेडीज सायकलपेक्षा जेंट्स सायकल का बरी वाटली?

दादा : का?

मावशी : तू शिकवतोस ना तो धडा?

दादा : नोट्स देतो.

मावशी : जेंट्स सायकलला सीटपासून हँडलपर्यंत आडवा दांडा असतो. त्यावर मूल बसवता येतं. लेखात आहे ते, एका ओळीत. ती ओळ ज्या मुलीने वाचली तिच्या डोळ्यांपुढे ती बाई उभी राहिली. मूल पुढे घेऊन, पाण्याची भांडी लावून, एकटी निघालेली. त्यानंतर स्वातंत्र्यावरचं वाक्य तिने स्वतःचं लिहिलं, गाइडमधलं नाही. माझ्या वर्गात हे दरवर्षी सगळ्यांना झालं नाही. दहा-बारा जणींना व्हायचं. त्यातल्या एकीला ती जेंट्स सायकल आपल्या आईने चालवलेली आठवत होती.

दादाने मग विचारलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आत्तापर्यंत तो आपल्या बाजूने बोलत होता, आता कामाचं बोलू लागला.

दादा : माझ्या बॅचमध्ये चाळीस मुलं आहेत. पीयूची परीक्षा मार्चमध्ये. तुझ्या पद्धतीने मी कधी काय करायचं ते सांग. तत्त्व नको, वेळापत्रक दे.

मावशी : जूनपासून डिसेंबरपर्यंत घड्याळ लावायचं नाही. आठवड्याला एक कोडं. नोटीस, औषधाच्या डबीतला कागद, बँकेचा फॉर्म, वीजबिलामागचे नियम. सगळ्यांना एकच, म्हणजे तपासायला फार नको. उत्तर दोन ओळींचं, पण कोणत्या वाक्यावरून काढलं ते खाली उतरवायचं. ते वाक्य चुकलं तर उत्तर बरोबर असूनही शून्य. जानेवारीपासून मॉडेल पेपर, वेळ लावून, तुझ्या सगळ्या युक्त्यांसकट. दोन महिने त्याला पुरतात.

दादा : डिसेंबरपर्यंत पालक थांबणार नाहीत. युनिट टेस्टचे मार्क त्यांना दर महिन्याला लागतात. मी ऑक्टोबरपर्यंत थांबवू शकेन. आणि फर्स्ट पीयूपुरतंच. सेकंड पीयूच्या मुलांवर मी प्रयोग करणार नाही.

मावशी : ऑक्टोबर कमी पडतो.

दादा : तेवढंच जमेल. आणि कोडी तू रचायची. महिन्याला चार. हॉस्टेलचं हे आजच दे.

मावशी : हे तिला माहीत झालंय, ती तुझ्याच बॅचमध्ये आहे. नवं लिहून देते. बीएमटीसी बसच्या विद्यार्थी पासाचे नियम बघते, त्यात अपवाद बरेच असतील.